जवस फुलावर असताना

नॉर्थ डकोटा
सोमवार, १४ जुलै १९५२

प्रिय राकेल,

आज पामर हाउगनं मला चांगलंच सुनावलं. टपालाची गाडी पेटीपाशी उभी केली, पत्र हातात घेतलं, वर तुझं नाव वाचलं आणि म्हणाला, "सिग्ने, हे तुझं घर आणि तो दिसतोय तो राकेलचा गोठा. मधे फार तर मैलभर. हे पत्र मी आता गावात नेणार, त्यावर शिक्का मारणार आणि उद्या याच रस्त्यानं परत आणणार. त्यापेक्षा चालत गेलीस तर कॉफी तरी मिळेल!" मी म्हटलं, "सरकार तुला पत्रं पोचवायचा पगार देतं की अक्कल वाटायचा?" हसत हसत गेला.

त्याला काय सांगणार? मी तुझ्याकडे आले की हॅल्वर टोपी उचलून गोठ्यात जातो आणि मी निघेपर्यंत गायींना उगाच खरारा करत बसतो. घरी परतले की सेल्मर पानावरून उठतो. फोन करावा तर आपली लाइन सात घरांची. ओल्गा स्टेन कान लावून बसलेलीच असते, तिचा श्वास मला आता पाठ झालाय. सख्ख्या भावांच्या बायका आपण, आणि चोरून प्रेमपत्रं लिहावीत तशी एकमेकींना पत्रं लिहितो.

दक्षिणेचा वारा आजही थांबला नाही. दोरीवर चादर घालते तोवर ती वाळलेली असते, आणि काढेपर्यंत धुळीनं पिवळी. कोंबड्या चोची उघड्या टाकून गाडीखाली बसल्यात. पण एक बघ, सकाळी लवकर उठून पूर्वेकडे बघ. आमचा जवस फुलावर आलाय. उजाडताना सगळं रान निळं होतं, तळं पसरावं तसं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी फुलं. सेल्मर कामं टाकून कुंपणापाशी उभा असतो. मी विचारलं, "काय बघतोस?" तर म्हणे, "तण." तण कसलं, राकेल! तो फुलं बघतो.

आता मुद्द्याचं. काल चर्चहून परत येताना गाडीत तो आपणहून म्हणाला, "तो बारीक झालाय का?" मी मुद्दाम विचारलं, "कोण तो?" "तोच." चार वर्षांत पहिल्यांदा, राकेल! मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर त्याला माझं तोंड दिसलं असतं.

येत्या रविवारी चर्चच्या आवारात आइस्क्रीमचा कार्यक्रम आहे. टेबलं मांडायचं काम यंदा माझ्याकडे आहे. मी दोघांना एकाच टेबलावर बसवते. तू फक्त हॅल्वरला घेऊन ये. तोंडात आइस्क्रीम असताना माणूस किती वेळ रागावून बसेल?

आणि विचारायचं राहिलं. शनिवारी हॅल्वर बांधावर ट्रॅक्टर थांबवून बराच वेळ नुसता बसला होता. बरा आहे ना तो?

तुझी,
सिग्ने

* * *

मंगळवार, १५ जुलै

प्रिय सिग्ने,

पारा सावलीत शंभर फॅरनहाइटच्या वर गेलाय. लोणी वितळून वाटीत तेल झालं. दुपारी चूल पेटवली नाही. थंड बटाटे, काकडी आणि ताक यांच्यावर भागवलं. हॅल्वर काही बोलला नाही. तो तसाही बोलत नाही.

तू लिहितेस तितकं ते सोपं नाही. चराचं हॅल्वर केव्हाच विसरलाय. सेल्मरनं न विचारता चर खणला आणि त्या ओल्या वर्षी तुमच्या पाणथळाचं सगळं पाणी आमच्या गवतात सोडलं, गवत कुजलं, गायी विकाव्या लागल्या. हे सगळं तो शेवटी, "तरुण आहे, डोकं गरम आहे," असं म्हणून गिळायला तयार होता. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड त्यानं दगड घालून बुजवलं ते पाणी अडवायला, भावाला अडवायला नव्हे. पण चर्चच्या पायऱ्यांवर सेल्मर जे बोलला ते तो विसरलेला नाही. "तू माझा भाऊ नाहीस, हॅल्वर. नुसता शेजारी आहेस, आणि शेजारी म्हणूनही वाईट." सगळं गाव उभं होतं. घरी येताना हॅल्वर एवढंच म्हणाला, "ठीक. शेजारी तर शेजारी."

बारीक म्हणशील तर तो दर उन्हाळ्यात होतो. ट्रॅक्टरवर बसला होता तर काहीतरी विचार करत असेल. काळजीचं काही नाही.

पण तू जवसाचं लिहिलंस म्हणून सांगते. आज पहाटे तो दूध काढून आला, बादली खाली ठेवली, आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "त्यांचा जवस चांगला आलाय." मी चुलीकडे तोंड करून म्हटलं, "हो का?" "हं. असा बाबांच्या वेळी यायचा." मग कॉफी प्यायला, दोन कप. रोज एक पितो.

रविवारी मी त्याला आणीन. लिंबाचा केक करते, तो त्या दोघांनाही आवडतो. पण टेबलावर आपल्यापैकी कुणी बडबड करायची नाही, विशेषतः तू.

राकेल

* * *

बुधवार, १६ जुलै

प्रिय राकेल,

हे घाईत लिहिते आहे. तुझं पत्र देऊन पामर पुढे गेलाय, परतताना हे नेईल.

मी बडबड करणार नाही. शपथ. तोंडात चमचा धरून बसेन.

सेल्मरला सांगून टाकलं. मला लपवता येत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, रविवारी हॅल्वर तुझ्या समोरच्या खुर्चीत असेल. चिडेल वाटलं होतं. त्यानं चाकू धारेला लावला होता, तो तसाच फिरवत राहिला. मग म्हणाला, "बसेन. पण आधी मी बोलणार नाही." मी म्हटलं, "तुला कोण बोल म्हणतंय? केक खा." तर म्हणतो कसा, "राकेलचा केक आहे?" संपलं, राकेल! अर्धं काम तुझ्या केकनं केलं.

वारा सकाळीच पडला. एकदम, कुणी दार लावावं तसा. इतकी स्तब्धता मला आवडत नाही. माश्या अंगाला चिकटताहेत, कुत्रा पायरीखालून बाहेर यायला तयार नाही, आणि पश्चिमेला ढगांची एक भिंत उभी राहतेय, वरून पांढरी, खाली शाईसारखी. तुमचं कापलेलं गवत अजून रानातच आहे ना? हॅल्वरला म्हणावं, आजच गोळा करून घे. नाहीतर असं म्हणू नको, मी सांगितलं म्हणून तो मुद्दाम करायचा नाही.

खोलगट भागातला जवस बघून मला आता जरा भीती वाटते. जुन्या पाणथळाचीच ती जमीन, चार कोरड्या वर्षांच्या भरवशावर पेरलेली. पण मोठा पाऊस काय रोज येतो?

पामर आला.

सिग्ने

* * *

गुरुवार, १७ जुलै, सकाळ

राकेल,

तुझ्यावर माझा राग नाही असं लिहायला बसले होते, पण ते खरं नाही. आहे.

काल संध्याकाळी काय झालं ते तुम्हीही पाहिलंत. आधी बोराएवढ्या गारा, मग पाऊस नव्हे, नदीच. आज सकाळी उत्तरेचा वारा सुटलाय, जुलै महिन्यात मी शेगडी पेटवून बसलेय, आणि खिडकीतून दिसतंय ते रान नाही, तळं आहे. जवसाची नुसती निळी टोकं पाण्यावर आहेत. एवढ्यात पाणी उतरलं नाही तर मुळं कुजून जातील. सेल्मर रात्रभर जागा होता.

आणि पहाटे, अजून नीट उजाडलंही नव्हतं, पाऊस पडतच होता, तेव्हा सेल्मरनं गोठ्याच्या दारातून मला हाक मारली. "ये, बघ." मोरीपाशी तुमच्या बाजूला हॅल्वर होता, वाकलेला, हातात फावडं. तुझा नवरा, राकेल. आमचं पीक बुडत असताना पहाटे उठून मोरी आणखी बुजवायला गेलेला! एवढी घाई! थेंबभर पाणी तुमच्या गवतात जायला नको!

मी म्हटलं, "जा, बोल त्याच्याशी." सेल्मर म्हणाला, "काय बोलू? त्याला त्याचं काम करू दे." मी म्हटलं, मी जाते. त्यानं माझा दंड धरला. "तू जायचं नाहीस. बुजवू दे त्याला." इतका वेळ तो दारात उभा राहून बघत होता. मग पाठ फिरवून आत गेला आणि दूध काढायला बसला.

तू थांबवू शकली नाहीस? तू तर म्हणालीस तो विसरलाय. म्हणालीस, "त्यांचा जवस चांगला आलाय." चांगला आलाय म्हणून बुडवायचा का? सेल्मर पायऱ्यांवर जे बोलला ते मला तेव्हा लाज वाटण्यासारखं वाटलं होतं. आज नाही वाटत. खरंच बोलला तो. भाऊ असा नसतो.

रविवारी टेबलं मी मांडीन, पण तुमचं दुसऱ्या टोकाला.

सिग्ने

* * *

गुरुवार, १७ जुलै, संध्याकाळ

राकेल,

मी आत्ता तुझ्याकडूनच आले. दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात होते, कॉफी ओतत होते, बायका येत-जात होत्या, आणि मला तुझ्याजवळ येऊन एक वाक्य बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

माझं एक पत्र तुला येईल. आज सकाळी मी ते पेटीत टाकलं. चिखलामुळे पामर उशिरा आला, चाकांना साखळ्या लावून, आणि घेऊन गेला. थोड्याच वेळात फोनची ती लांब घंटा वाजली, सगळ्या घरांसाठी वाजवतात ती. मी उचलला. तुझा आवाज होता. "हॅल्वर मोरीपाशी पडलाय. कुणीतरी या." लाइनीवर सगळे होते, ओल्गासुद्धा.

सेल्मर कोट न घालता पळाला.

पोस्टात मी फोन केला. म्हटलं, माझं एक पत्र परत द्या. पोस्टमास्तर म्हणाला, थैलीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. मी रडले तरी तो तेच म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

ते पत्र वाचू नकोस. जाळून टाक. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही, एवढं मागते.

सेल्मर घरी आलाय. शेगडीसमोर बसलाय, ओले बूट काढलेले नाहीत. मी काढायला गेले तर पाय मागे घेतला. एवढंच बोलला, "दगड बाहेर काढलेले होते." मी म्हटलं, "काय?" "सगळे दगड बाहेर होते, सिग्ने. रचून ठेवलेले. पाणी वाहत होतं." आणि मग पुन्हा, "मी बघत उभा होतो. मी त्याला बघत उभा होतो."

आमच्या रानातलं पाणी उतरतंय. संध्याकाळी मी बघितलं. उतरताना आवाज येतो.

सिग्ने

* * *

गुरुवार, २४ जुलै

प्रिय सिग्ने,

आता घरात कुणी नाही. मिनियापोलिसहून आलेली मुलगी, आर्लिन, वर झोपलीय. लोकांची भांडी ज्याची त्याला परत गेली. सबंध आठवडाभर इतकी छान हवा आहे की मला तिचा राग येतो. गार सकाळ, स्वच्छ आकाश, मंद वारा. अशी हवा हॅल्वरला आवडायची.

चिखलामुळे तुझी दोन्ही पत्रं शनिवारी एकदम आली. आधी दुसरं उघडलं. त्यात "पहिलं वाचू नकोस, जाळ" असं होतं, म्हणून लगेच पहिलं उघडलं. माणूस असंच करतं. तूही केलं असतंस.

वाचलं. लगेच पुन्हा वाचलं. मग केक करायला घेतलेली लिंबं तशीच पडली होती, ती पिळत बसले. तुला क्षमा केली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मनात अजून ते शब्द आहेत. "भाऊ असा नसतो." तू आलीस, माझी फरशी पुसलीस, माझ्या मुलीच्या केसांत फणी घातलीस, ते सगळं मी पाहिलं. ते एका बाजूला, आणि ते शब्द दुसऱ्या बाजूला. वेळ लागेल. तू येत राहा.

पण तुझ्याकडे बोट दाखवायचं तर माझ्याकडे तीन वळतात. तू विचारलं होतंस, हॅल्वर बरा आहे ना? मी लिहिलं, विचार करत असेल. सिग्ने, मे महिन्यात डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की हृदय थकलंय, जड काही उचलायचं नाही, फावडं तर हातातच धरायचं नाही. त्यानं माझ्याकडून वचन घेतलं, कुणाला कळता कामा नये, सेल्मरला तर नाहीच. "दया म्हणून आलेला मला नको," म्हणाला. मला वाटलं, रविवारनंतर सांगू. आधी दोघं आपल्या पायांनी टेबलापाशी येऊ देत. तुम्हाला माहीत असतं, तर एवढा आजारी माणूस पावसात पहाटे भांडायला जात नाही हे तुम्हाला दारातूनच कळलं असतं.

त्या पहाटे तो उठला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि बूट घालायला लागला.

"कुठे?" मी विचारलं.

"मोरी उघडून येतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर जवस पेरत नाहीत."

"मी फोन करते. सेल्मर काढेल ते दगड, तो तरुण आहे."

"दगड मी घातलेत. सात घरांना ऐकवून आता ते काढायला त्याला बोलावू? नको."

"आपलं गवत जाईल, हॅल्वर. अजून रानातच आहे."

"गेलं तर गेलं. जवस फुलावर आहे. दिवसभर पाण्यात उभा राहिला तर काही उरणार नाही."

त्याचे हातमोजे ओले होते. मी शेगडीवरचे कोरडे काढून दिले. बायको नवऱ्याला आडवी पडते, दार लावते, आरडाओरडा करते. मी कोरडे हातमोजे दिले. तो गेल्यावर फोन माझ्या शेजारी भिंतीवर होता. मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा. मग वाटलं, त्याच्या मनाविरुद्ध नको. आणि पावाचं पीठ भिजवलं.

आता सेल्मरचं. तू मंगळवारी चर्चच्या खुर्च्या परत द्यायला गेली होतीस, तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात. बसला नाही. मी कॉफी ठेवली, ती तशीच राहिली. मग विचारलं, "निघताना माझ्याबद्दल काही म्हणाला?"

मी त्याला सगळं सांगितलं, तुला आत्ता लिहिलं तसंच. एकही शब्द न गाळता.

तो ऐकत होता. म्हणाला, "नाव घेतलं? माझं?"

सिग्ने, नवरा गेल्यावर पाचव्या दिवशी एखाद्या बाईला एक खोटं बोलायला काय लागतं? "हो, म्हणाला, माझ्या भावाचा जवस आहे," एवढंच. तो आयुष्यभर त्यावर जगला असता. पण हॅल्वर जे बोलला नाही ते त्याच्या तोंडात घालायला माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, "नाही. नाव नाही घेतलं."

त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मी उद्या तो जवस नांगरून टाकतो. मला तो बघवत नाही."

तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या दिवसांत मी आवाज चढवला नव्हता, रडलेही नव्हते. मी टेबलावर हात आपटला, कॉफी सांडली. म्हटलं, "नांगर लावून तर बघ! तुला बघवत नाही? मला बघवतो का? सकाळी खिडकी उघडली की समोर निळं आहे, आणि मी रोज उघडते. माझा माणूस त्याच्यासाठी चिखलात गेला. ते पीक तू कापशील, मळशील, आणि बी नीट कोरडं ठेवशील. नाहीतर या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, भाऊ म्हणून नाही आणि शेजारी म्हणूनही नाही."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. त्याला लागलं. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि लगेच वाईट.

त्यानं खिशातून रुमाल काढून सांडलेली कॉफी पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत. "कापतो," म्हणाला, आणि गेला.

आर्लिन म्हणते हिवाळा तिच्याकडे काढ. गायी स्टेनकडे जातील. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण म्हणेन असं वाटतंय.

राकेल

* * *

मिनियापोलिस
२९ ऑगस्ट

प्रिय सिग्ने,

इथे आभाळाकडे कुणी बघत नाही. काल गडगडलं तर मी खिडकीशी धावले, आणि आर्लिनचा नवरा म्हणाला, "आई, गॅरेज बंद आहे, काळजी नको." चांगला मुलगा आहे. पावसानं त्याचं काय बिघडणार?

आर्लिनच्या घराला फोन स्वतंत्र आहे. कुणी ऐकत नाही. मला त्यावर बोलायला सुचत नाही.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. दोनदा बसले होते. हॅल्वरच्या कबरीच्या दगडाजवळ तू गवत काढलंस असं लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. एवढं लिहायला महिना लागला.

जवसाची बोंडं तपकिरी झाली का? सेल्मर अजून आमच्या रस्त्यानं न जाता फेरा घेऊन गावात जातो का?

मी वसंतात येईन. घर उघडं ठेवायचं की नाही ते तेव्हा बघू.

राकेल

* * *

१० सप्टेंबर १९५२

प्रिय राकेल,

तुझ्या पत्राचा आनंद झाला. किती ते लिहीत नाही, तुला बडबड आवडत नाही.

जवस कापून झाला. पीक मध्यम. खोलगटातला काही गेलाच, गारांनी मारलेला, पण बराच उभा राहिला. बी कोरडं आहे, नीट ठेवलंय. शेजारचे मदतीला येतो म्हणाले होते, सेल्मरनं कुणाला येऊ दिलं नाही. एकट्यानंच केलं. मोरीत त्यानं सिमेंटचा नवा पाइप बसवलाय. तुमचं गवत बुडू नये म्हणून तुमच्या बाजूनं वेगळा चर काढून तो रस्त्याकडेच्या खड्ड्याला जोडला. हे चार वर्षांपूर्वी दोन दिवसांचं काम होतं. मी हे त्याला बोलले नाही. त्याला माहीत आहे.

फेरा घेऊन जाणं थांबलंय. आता तुमच्या घरावरूनच जातो. तिथे गाडी हळू करतो, थांबत नाही.

तू विचारलं नाहीस, पण एक सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

कापणीच्या आदल्या सकाळी तो रानात गेला, मूठभर बोंडं तोडून आणली, आणि स्वयंपाकघरात उभा राहून तळव्यावर चोळली. बी बाहेर पडलं. त्यानं ते दाताखाली धरून बघितलं, पुन्हा चोळलं, खिडकीतून आभाळ बघितलं. मी भांडी घासत होते. तो आपल्याच नादात होता. म्हणाला, "आज की उद्या, कळत नाही. हॅल्वरला विचारून येतो."

आणि टोपी घातली.

दारापर्यंत गेला, हात कडीवर ठेवला, आणि तिथे थांबला. मी पाण्यातले हात काढले नाहीत. त्यानं मागे वळून बघितलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तो वळला नाही. कडी धरून बराच वेळ तसाच उभा होता, टोपी घातलेली, तळवा बियांसकट मिटलेला.

दिवस चांगला होता. वारा नव्हता, दव लवकर सुकलं. थोड्या वेळानं तो गोठ्याकडे गेला आणि यंत्राला तेल घालायला लागला.

तुझी,
सिग्ने